राख पाहणाऱ्या सरकटे मॅडम

सरकटे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी राख बघतात आणि मग माणसं. पाणी देऊ का, चहा ठेवू का, असं विचारायच्या आत त्या थेट स्वयंपाकघरात शिरलेल्या असतात. चूल असेल तर पदर खोचून तिच्यापुढं उकिडव्या बसतात, चिमूटभर राख तळहातावर घेतात, बोटानं चोळतात, वास घेतात आणि घरच्या बाईला सांगतात, "लाकूड बाभळीचं आहे, पण ओलं आहे. आणि काल-परवा यात प्लास्टिक जाळलंत." घरची बाई कावरीबावरी होते, कारण प्लास्टिक जाळलेलं असतंच.

माझ्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्याकडं गॅस होता, त्यामुळं मी निर्धास्त होतो. मॅडमनी शेगडी पेटवायला लावली, वाकून ज्योत पाहिली आणि म्हणाल्या, "पिवळी आहे. बर्नर किती दिवस धुतला नाही?" माझी बायको मंदा त्या गेल्यावर म्हणाली, "तुमच्या म्याडमले सांगजा, पुढच्या टायमाले येतानी नोटीस धाडत जा म्हणा." तरी त्या दिवसापासून दर रविवारी आमच्या घरी बर्नर धुतला जातो, आणि तो मी धुतो.

डॉ. वत्सला सरकटे या आमच्या कारखान्याच्या मुख्य शास्त्रज्ञ. मी त्यांचा लॅब असिस्टंट, रमेश इंगळे, बी.एस्सी. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच, त्यामुळं त्या मुख्य असल्या तर बाकीचं सगळं मी आहे. नांदुऱ्याच्या बाहेर आमचा कारखाना आहे. शेतातला पालापाचोळा, भुसा, मळणीनंतर उरणारं कुटार बारीक करून, दाबून त्याच्या जाड कांड्या करायच्या आणि त्या दगडी कोळशाच्या ऐवजी बॉयलरला जाळायला पाठवायच्या, हे आमचं काम. या मालाला पांढरा कोळसा म्हणतात. तो पांढरा नसतो आणि कोळसाही नसतो, पण नाव पडलं ते पडलं.

मॅडम मूळच्या बीबीच्या. लोणार तालुक्यातल्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. रसायनशास्त्रात डॉक्टरकी केली आणि विदर्भातल्या एका वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत लागल्या. तिथं त्या पहिल्या बाई. साहेबांनी त्यांना टेबल-खुर्ची दिली आणि आकडे लिहायला सांगितले. मॅडमनी विचारलं, "हे आकडे ज्या कोळशाचे आहेत, तो मी पाहिलेला नाही. कसे लिहू?" दुसऱ्या दिवशी त्या डोक्याला हेल्मेट, पायात बूट आणि अंगावर सुती नऊवार नाही, पण तितकीच घट्ट नेसलेली सहावार, अशा वेशात मालगाडीच्या डब्यावर चढल्या. वरवरचे चांगले खडे बाजूला सारून खालचा कोळसा उकरला. खाली निम्मा मुरूम निघाला. त्या केंद्रात पुढची वीस-बावीस वर्षं लोक त्यांना टाळायला रस्ता बदलत, असं त्या स्वतःच अभिमानानं सांगतात. त्यानंतर त्या आमच्या कारखान्यात आल्या.

त्यांचा आवडता प्रश्न एकच: "मोजलं का?" आमच्या वऱ्हाडात माणूस मोजण्याच्या भानगडीत पडत नाही. गाव किती लांब आहे विचारलं तर "हे काय, हितंच" म्हणतो, आणि ते हितंच तासाभरानं येतं. मी स्वतः त्याच मातीतला. एकदा म्हणालो, "मॅडम, ओव्हन साधारण तापलाय." मॅडमनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी आपणहून बाहेर जाऊन उभा राहिलो. 'साधारण', 'जवळपास' आणि 'अंदाजे' हे तीन शब्द आमच्या प्रयोगशाळेत शिव्यांच्या यादीत आहेत. बाकीच्या शिव्या चालतात. मॅडम स्वतः चिडल्या की बीबीच्या बोलीत दोन-चार देतात, आणि त्या ऐकायला मी अधूनमधून मुद्दाम चूक करतो.

त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असते. तिच्यात प्लास्टिकच्या छोट्या पुड्या: तुराट्या, शेंगांची फोलं, गोवरीचा तुकडा, आणि प्रत्येकाची राख वेगळी. पुडीवर नंबर, तारीख, गाव आणि हवामान. त्या शेगावला स्टेशनजवळ खोली घेऊन राहतात आणि गाडीनं रोज नांदुऱ्याला येतात. एकदा शेगाव स्टेशनवर पोलिसानं पिशवी उघडायला लावली. "हे काय हाय?" "राख." पोलीस एकदम गंभीर झाला. टोपी काढून त्यानं विचारलं, "कोन गेलं जी?" मॅडम म्हणाल्या, "कोणी नाही. सोयाबीन." मग सोयाबीनच्या कुटाराची राख आणि तुरीची राख यांतला फरक त्या त्याला समजावत राहिल्या. गाडी निघून गेली. पोलीस अजून त्यांना दुरून नमस्कार करतो, जवळ येत नाही.

लग्नकार्यात त्या मांडवाच्या मागं भट्टीजवळ सापडतात. माझ्या साळ्याच्या लग्नात मंदाच्या आत्यानं त्यांना तिथं गाठलं आणि विचारलं, "म्याडम, तुमी लग्न काऊन नाही केलं?" मॅडम राख चोळत म्हणाल्या, "बॉयलर बंद करता येत नव्हता, आत्याबाई. एकदा बंद केला की पुन्हा तापवायला फार वेळ लागतो." आत्याला ते पटलं. तिनं आपल्या नवऱ्याचा स्वभावही असाच असल्याचं सांगितलं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, नाहीतर मॅडम म्हणतील, इंगळे, नमुना दाखवायला घेतलात आणि पिशवीच सांगत बसलात.

मॅडमचं वेड एकच होतं, पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की वावरात उभी राहतात ती कपाशीची वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाटी. आमच्या भागात तिला तोटा नाही. लोक ती उपटतात, थोडी चुलीला ठेवतात आणि बाकीची धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून देतात. मॅडमना ते धूर बघवत नसत. गाडीच्या खिडकीतून कुठं धूर दिसला की त्या डबाभर लोकांना ऐकू जाईल असं म्हणत, "पहा, वीज चालली." लोक बल्ब शोधायला वर बघत.

कारखान्याला पऱ्हाटी नको होती. ती चिवट असते, तिची साल यंत्राच्या पात्यांना गुंडाळते. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे तिच्या कांड्या भट्टीत जाळल्या की राख वितळते आणि जाळीवर दगड धरतो. तो दगड छिन्नीनं फोडावा लागतो आणि तोवर बॉयलर बंद. मॅडमचं म्हणणं होतं, हा दोष मातीचा आहे. पऱ्हाटी उपटताना मुळांना माती चिकटून येते, तीच भट्टीत वितळते. माती काढा, दगड जाईल. हे त्या नऊ वर्षं सांगत होत्या. नवव्या वर्षी पुण्याच्या मुख्य कार्यालयानं त्यांचं ऐकलं, म्हणजे एक चाचणी ठरवली. गुरुवारी समिती येईल. कांडीचं यंत्र निव्वळ पऱ्हाटीवर चार तास न थांबता चालवून दाखवा आणि त्याच कांड्या भट्टीत जाळून दाखवा. यंत्र अडकलं किंवा जाळीवर दगड धरला, तर पऱ्हाटीचं काम कायमचं बंद आणि यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यांना दुसरी संधी नव्हती.

पऱ्हाटी आणायचं काम खैरखेड नावाच्या गावातल्या एक्केचाळीस बायकांच्या गटानं घेतलं होतं. उन्हाळ्यात त्या गावात बायकांना काम नसतं, त्यामुळं ही चाचणी त्यांचीही होती. गटाच्या पुढारी गोदाबाई. धिप्पाड बाई, आवाज असा की माईक लाजेल. रविवारी आम्ही खैरखेडला गेलो. मॅडमनी पारावर उभं राहून सांगितलं, "बायांनो, मला पऱ्हाटी वाळलेली पाहिजे आणि मातीचा कणही नको. कण म्हणजे कण." एवढंच बोलून त्या कुणाच्या तरी चुलीकडं गेल्या.

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला राहवलं नाही. शास्त्र सोपं करून सांगणं हा माझा जुना दुर्गुण आहे. मी म्हणालो, "असं समजा का हे देवाले वाह्याची वस्तू हाय. तेवढी चोखी पाह्यजे." गोदाबाईंनी मान डोलावली. "हाव भाऊ, आता समजलं. देवाची म्हनता तं मंग काय." मला वाटलं, काय सुंदर समजावलं आपण.

मंगळवारी दुपारी तीन ट्रॅक्टर आले. मॅडम दारातच उभ्या होत्या. पहिल्या ट्रॅक्टरवरून पाणी टपकत होतं. दुसऱ्यावरून जरा जास्त. तिसऱ्याच्या मागं रस्त्यावर ओली रेघ उमटली होती, ती पार गावापर्यंत गेली असावी. गोदाबाई खाली उडी मारून आल्या, त्यांनी एक मोळी उचलली आणि मॅडमच्या पुढं धरली.

"पाहा म्याडम. एक खडा दाखवा. येकच. काल दिवसभर आमी नदीवर होतो, आन् आज सकायपासून. मुया दगडानं घासल्या. देवाले वाह्याची म्हने ना इंगळेभाऊ. तं बिना धुतल्याची देवाले कोन वाह्यते?"

मी ट्रॅक्टरच्या मागं गेलो. तिथून निघावं असं मला बराच वेळ वाटलं नाही.

कांडीचं यंत्र ओल्या मालाला घेत नाही. दहा टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर आत वाफ कोंडते आणि कांडी फटाक्यासारखी फुटून बाहेर येते. समोर होती ती पऱ्हाटी पिळली असती तर बादली भरली असती. मध्ये फक्त बुधवार होता. मी कान देऊन वाट बघत होतो, आता बीबीची बोली सुरू होईल, आणि या वेळी मी ती खरोखर कमावली होती.

मॅडमनी एक पऱ्हाटी उचलली, मूळ डोळ्यांजवळ नेलं. नखानं खरवडलं. मग म्हणाल्या, "खरंच स्वच्छ आहे. इतकी स्वच्छ मी आजपर्यंत पाहिली नाही." मग त्यांनी गोदाबाईंचे हात बघायला मागितले. बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती, दोन बोटांची सालं गेली होती. मॅडमनी बाकीच्या बायकांचेही हात एकेक करून पाहिले. मला वाटलं आता या हातांवर पण नंबर टाकतात की काय. शेवटी त्या माझ्याकडं वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "इंगळे, हळद आणि तेल आणा." देवाचा विषय त्यांनी काढला नाही. तो त्यांनी आजवर काढलेला नाही, आणि त्यामुळं मी अजून त्यांच्यापुढं जरा वाकून उभा असतो.

तेवढ्यात आमचे मॅनेजर भोपळे साहेब आले. त्यांनी डोक्याला हात लावला. "वाटोळं केलं या बायांनी." मग मॅडमना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गोदामात लाकडाचा भुसा पडला आहे. तोच चालवू. वरून मूठ-मूठ पऱ्हाटी टाकू. समितीला काय कळतंय?"

"समितीला नाही कळणार," मॅडम म्हणाल्या. "राखेला कळेल. मला कळेल. भोपळे, ते कुट्टीचं यंत्र सुरू करा."

त्या दोन दिवसांत मॅडमनी आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. ओली पऱ्हाटी तशीच कुट्टी करून कारखान्याच्या सिमेंटच्या अंगणात पातळ पसरायची. पातळ म्हणजे किती ते त्यांनी पट्टी लावून दाखवलं. अर्ध्या अर्ध्या तासानं दाताळ्यानं परतायची. मार्चचं ऊन होतं. एक्केचाळीस बायका गावी जायला तयार नव्हत्या. आपलं काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं होतं, काय ते कुणी सांगत नव्हतं. शेवटी गोदाबाईंनीच विचारलं, "म्याडम, धुवाची नव्हती काय?"

"मी नीट सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे. आता परता."

मॅडम स्वतः डोक्याला टॉवेल गुंडाळून दाताळं ओढत होत्या. दर तासाला मी नमुना घ्यायचा, ओलावा काढायचा आणि गोदामाच्या लोखंडी दारावर खडूनं आकडा लिहायचा. अडतीस. एकतीस. सव्वीस. बायकांना टक्के कळत नव्हते, पण आकडा उतरतोय एवढं कळत होतं. मी दाराकडं निघालो की सगळी दाताळी थांबायची. बुधवारी संध्याकाळी सतरा झाले. ताडपत्र्या झाकल्या. गुरुवारी सकाळी नऊला समितीची गाडी फाटकातून आत आली तेव्हा दारावर मी बारा लिहीत होतो.

समितीत तीन माणसं होती. प्रमुख म्हणजे पुण्याचे एक वयस्कर इंजिनियर, पांढरे शुभ्र बूट घातलेले. ते म्हणाले, "करायची ना सुरुवात? आम्हाला संध्याकाळी शेगावहून गाडी आहे."

भोपळे साहेबांनी मॅडमकडं पाहिलं. मी भोपळे साहेबांकडं. बारावर यंत्र सुरू केलं असतं तर दहा मिनिटांत सगळा निकाल लागला असता.

"शेगावहून गाडी आहे म्हणजे दर्शन घेणार असाल," मॅडम म्हणाल्या.

"वेळ मिळाला तर. घरून तशी आज्ञाच आहे."

"मग आधी दर्शन घेऊन या. संध्याकाळी धावपळ होईल. आणि तिथली कचोरी खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. गाडी उद्याची करा."

प्रमुखांना ही सूचना अतिशय आवडली. "पण चाचणीला उशीर नाही ना होणार?"

"आज गुरुवार आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माझ्या खोलीच्या खिडकीतून रांग दिसते. गुरुवारी या वेळेला शेवटचा माणूस आत जायला तीन तास चाळीस मिनिटं लागतात. जायला-यायला दीड तास धरा. तुम्ही अडीचपर्यंत इथं असाल. आम्ही तयार असू."

मॅडम स्वतः त्या रांगेत कधी उभ्या राहिलेल्या नाहीत. त्या बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातल्या. पण रांग दिसते म्हटल्यावर मोजायची राहते थोडीच. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर गोदाबाई म्हणाल्या, "म्याडम, तुमी तं साहेब लोकायले बी उन्हात वाळवाले धाडलं." मॅडम पहिल्यांदा हसल्या, आणि मग लगेच म्हणाल्या, "परता, परता."

समिती दोन वाजून पस्तीस मिनिटांनी आली. कपाळाला टिळा, हातात प्रसाद, पोटात कचोऱ्या. तिघंही जरा पेंगुळलेले होते. दारावर नऊ पूर्णांक सहा लिहिलेलं होतं. मॅडमनी यंत्र सुरू करायची खूण केली.

मी नऊ वर्षं ते यंत्र पाहतोय, पण त्या चार तासांएवढं बारकाईनं कधी पाहिलं नाही. कांड्या एकामागोमाग एक बाहेर येत होत्या, तांबूस, गुळगुळीत, कुठं तडा नाही. बायका भिंतीला लागून ओळीनं बसल्या होत्या. मॅडम यंत्राच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि बसा म्हटलं तरी बसत नव्हत्या. चार तास झाले. प्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "यंत्र उत्तीर्ण. आता तुमचा तो दगड दाखवा."

भट्टी तीन वाजल्यापासून त्याच कांड्यांवर पेटलेली होती. आम्ही ती विझवून जाळी ओढली. भोपळे साहेब हातात छिन्नी घेऊनच उभे होते, सवयच तशी. जाळीवर राख होती, करडी, भुरभुरीत, पिठासारखी. भोपळे साहेबांनी छिन्नी टोचून पाहिली, ती आरपार गेली. दगड नव्हता. बारीकसा खडासुद्धा नव्हता. गोदाबाईंनी मला विचारलं, "चांगलं झालं का खराब?" मी म्हणालो, "चांगलं." त्यांनी मागं वळून सांगितलं, आणि मग त्या भिंतीजवळ जो गलका उठला तो मी वर्णन करत नाही. मला रडू आलं होतं, त्यामुळं नीट पाहिलंही नाही.

एकट्या मॅडम खूश नव्हत्या. राख चोळत त्या म्हणाल्या, "इंगळे, हे जरा जास्तच चांगलं आहे."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला घाम फोडला. एक नमुना धुतलेल्या पऱ्हाटीचा. दुसरा न धुतलेल्या, पण ब्रशनं झाडून माती पूर्ण काढलेल्या पऱ्हाटीचा. माती दोन्हींत नाही. जाळून पाहिलं तर दुसऱ्यात दगड धरला, पहिल्यात नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. "माती नव्हती, इंगळे. पऱ्हाटीच्या अंगातच क्षार असतो, तो राख वितळवतो. पाण्यात तो विरघळून गेला. मी नऊ वर्षं मातीवर आळ घेतला. बायकांनी दीड दिवसात उत्तर काढलं." नऊ वर्षांचं म्हणणं खोटं ठरल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुण्याहून पत्र आलं. पऱ्हाटीचं काम सुरू राहील, धुण्यासाठी हौद बांधा, नवी पद्धत सविस्तर लिहून पाठवा. मॅडमनी अहवाल मराठीत लिहिला. पण पहिल्या पानावरच्या नावांसाठी त्या मला घेऊन पुन्हा खैरखेडला गेल्या. त्यांना एक्केचाळीस जणींची पूर्ण नावं हवी होती. हे काम चाचणीपेक्षा अवघड निघालं. मी विचारलं की कुणी म्हणे, "लिवा, रामदासची बायको." कुणी म्हणे, "उषाची माय." गोदाबाई म्हणाल्या, "गोदा लिवा." मॅडम म्हणाल्या, "पूर्ण सांगा." मग माहेरचं आडनाव लावायचं की सासरचं, यावर पारावर तासभर भांडण झालं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला जे आवडतं ते." त्यावर भांडण थांबलं आणि सगळ्या विचार करायला लागल्या. शेवटी गोदाबाईंनी आपलं नाव गोदावरी सखाराम असं बापाच्या नावासकट लिहवून घेतलं आणि ते मला दोनदा वाचायला लावलं.

अहवाल टाइप करताना मी पाहिलं, एक्केचाळीस नावं वर होती, आणि पान संपताना बारीक अक्षरात लिहिलं होतं, "नमुने तपासणी साहाय्य: व. सरकटे, र. इंगळे." साहाय्य! माझं ठीक आहे, मी साहाय्यकच आहे आणि बिघडवण्यात माझा हात मोठा आहे. पण मला राग आला. नऊ वर्षांत मी मॅडमचा एकही शब्द बदलला नव्हता. त्या दिवशी मी 'डॉ. वत्सला सरकटे' सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात टाकलं, खाली 'आणि' लिहून बाकीची नावं घेतली, छापलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. पान पुढं ओढलं. मी बोलणी खायला तयार होतो.

"वीज केंद्रात मी कोळशाच्या ओलाव्यावर सहा वर्षं काम केलं," त्या म्हणाल्या. "साहेबांच्या नावानं शोधनिबंध छापून आला. शेवटी आभार होते. त्यात माझं नाव होतं. सौ. सरकटे." मग म्हणाल्या, "माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं, इंगळे."

त्यांनी पान परत दिलं नाही. म्हणाल्या, "असू द्या असंच. आणि एक प्रत जास्त काढा. बीबीला न्यायची आहे. माय आहे माझी."

"त्या वाचतात?"

"एकच शब्द वाचते. शाळेच्या निकालाचा कागद भिंतीवर लागायचा, तेव्हा गुरुजींनी बोट ठेवून तिला दाखवलं होतं, हे बघ, हे वत्सला. मधलं ते जोडाक्षर तिच्या लक्षात राहिलं. नोकरीला लागल्यावर मी सुट्टीत घरी जायची, तर ती माझ्या पिशवीतले कागद काढून बसायची आणि शोधायची. मी सांगायची, आई, ते इंग्रजी आहे, तुला नाही दिसणार. इंग्रजीत तरी कुठं होतं. पण तिला मी तसं कधी सांगितलं नाही. तीस वर्षं ती शोधतेय."

शनिवारी त्या बीबीच्या बसनं गेल्या. सोमवारी आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि ओव्हनचं दार उघडून आत बघत उभ्या राहिल्या. ओव्हनमध्ये काही नव्हतं. मी विचारलं, "सापडलं का मायला?"

"लगेच सापडलं," त्या ओव्हनकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या. "बोट ठेवून बसली. मग म्हणाली, आता या खालच्या लेकी कोणाच्या, त्यांची पण वाचून दाखव. सगळी वाचली. एकेका नावाला ती बोट एक ओळ खाली सरकवत 'बरं' म्हणत होती. मधलं एक मी चुकून गाळलं, तर म्हणाली, एका ओळीला तू बोलली नाहीस."